इस्त्री गल्लीचं सुख मोजायला गेलेली बाई

माणसं मोजता येतात, झाडं मोजता येतात, भटकी कुत्रीसुद्धा मोजता येतात. फक्त ती एका जागी थांबत नाहीत एवढंच. पण माणसाचं सुख मोजायचं खूळ कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, हे फॉर्मबाईला कधीच कळलं नाही. तरी तिने ते मोजलं. काम आलं की करायचं, हा तिचा खाक्या होता. बावीस वर्षं दारोदार फॉर्म भरून भरून तिला असं वाटायला लागलं होतं की आपल्याइतकं चोख काम या खात्यात दुसरं कोणी करत नाही. दुर्दैवाने ते खरंही होतं.

फॉर्मबाई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. ते सासरच्या बिऱ्हाडकरूंनी ठेवलेलं. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याचं पॅड आणि दोन निळी पेनं, कारण एका पेनावर विसंबून राहणारी माणसं तिला आवडत नसत. तशी तिला फारशी माणसं आवडतच नसत. नाकाने कांदे सोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बरोबरचे सर्वेक्षक म्हणजे एकजात पाट्या टाकणारे, असं तिचं मत होतं आणि ते ती त्यांच्या तोंडावर सांगत असे. त्यातही एकावर तिचा विशेष राग होता. हा गृहस्थ चहाच्या टपरीवर बसून, दोन कप चहात वीस घरांचे फॉर्म उरकायचा. त्याला सगळे टपरीसाहेब म्हणत, आणि त्याला त्याची लाज नव्हती.

"अहो, लोक तरी कुठं खरं सांगतात?" तो म्हणायचा. "मग मीच खोटं लिहिलं तर त्यांचे श्रम वाचले."

"तुमच्या तोंडी लागायचं म्हणजे आपली जीभ विटाळायची," फॉर्मबाई म्हणायची आणि उन्हात चालू लागायची.

तिचा नियम एकच. समोरचा बोलेल ते लिहायचं, आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही. एकदा एका पांढऱ्याशुभ्र मिशांच्या गृहस्थाने वय एकोणतीस सांगितलं, तर हिने एकोणतीस लिहिलं. वरून विचारणा झाली तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. खोटं असेल तर त्यांचं त्यांच्यापाशी." फॉर्मच्या तळाशी "सर्वेक्षकाचे निरीक्षण" अशी दोन रिकाम्या ओळींची जागा असे. त्या दोन ओळींवर ती पट्टीने सरळ तिरपी रेघ मारी. आपलं मत कोणी विचारलंय, असा तिचा सवाल असे. या रेघेचा तिला कोण अभिमान!

तर तिचं माहेर इस्त्री गल्लीतलं. बाजाराच्या पाठीमागची, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशी गल्ली, आणि तिच्यात इस्त्रीची अकरा दुकानं. दुकानं म्हणजे जुन्या चादरी अंथरलेलं टेबल, वर पत्रा, आणि बाजूला निखाऱ्यांची शेगडी. इस्त्र्या सगळ्या कोळशाच्या, सात-सात किलोच्या. त्या उचलणाऱ्या माणसाचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट असे. या गल्लीतला माणूस पाठमोरा असला तरी ओळखू यायचा. जिन्याखालचं चौथं दुकान तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. आईबाप लवकर गेले. दादाने लोकांचे कपडे इस्त्री करून हिला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि वर्गात कुणाच्या गणवेशाला नसेल अशी घडी हिच्या गणवेशाला असेल हे दहा वर्षं पाहिलं.

दीड वर्षापूर्वी या गल्लीवर स्वच्छ हवेचा कार्यक्रम येऊन आदळला. कोळसा बंद. धूर वाईट, हे कोणी नाकारत नव्हतं. गल्लीतले निम्मे लोक सकाळी उठल्या उठल्या खोकायचे आणि दादा तर असा खोकायचा की वरच्या मजल्यावरची माणसं घड्याळ लावायची. तेव्हा कोळसा जाणार म्हणजे बरंच होणार होतं. कार्यक्रमवाल्यांनी एका सकाळी सगळ्या इस्त्र्या उचलल्या, पावत्या दिल्या आणि बदल्यात प्रत्येकाच्या हातात एक विजेची इस्त्री ठेवली. घरगुती, गुलाबी, प्लास्टिकच्या मुठीची. हातरुमालाला उत्तम.

आता हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात स्वतःचा शर्ट इस्त्री केला नसणार. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलचे खळ घातलेले टेबलक्लॉथ, पोलिसांचे जाडेभरडे गणवेश, या असल्या कापडांवर वजन लागतं. गुलाबी इस्त्री त्यांच्यावरून फिरवली की ती पाहुणी आल्यासारखी फिरून जाई आणि सुरकुत्या होत्या तिथंच राहत. त्यातून अकरा दुकानांना मिळून वायर एकच. चार इस्त्र्या एकदम लागल्या की फ्यूज उडे. सहा महिन्यांत इस्पितळ गेलं, हॉटेल गेलं, पोलीसही गेले. सगळे मोठ्या मशीनवाल्या धुलाईकडे. हवा मात्र खरोखर स्वच्छ झाली आणि गल्लीवर त्याच हवेवर जगायची पाळी आली. जुन्या इस्त्र्यांचं काय झालं म्हणाल, तर त्या हिरव्या रंगाने रंगवून मोठ्या चौकात मांडल्या आणि त्यांच्यात शोभेची रोपटी लावली. लोक तिथं उभं राहून फोटो काढत.

एवढं झाल्यावर वरच्यांना प्रश्न पडला की लोक सुखी आहेत का.

त्यासाठी एक डॉक्टरसाहेब आले. हे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत, पुस्तकं लिहिणारे. पर्यावरणाच्या कार्यक्रमांनी माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो हे मोजणं हा त्यांचा विषय, आणि त्यात त्यांनी परदेशी नाव कमावलेलं. त्यांनी सगळ्या सर्वेक्षकांना एका थंडगार खोलीत बसवलं आणि एक चकचकीत कार्ड दाखवलं. कार्डावर दहा पायऱ्यांची शिडी.

"सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमचं उत्तमात उत्तम आयुष्य. सगळ्यात खालची म्हणजे वाईटात वाईट. लोकांना फक्त विचारायचं, तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? सुचवायचं नाही, समजावायचं नाही, चेहरा करायचा नाही. ते म्हणतील तो आकडा लिहायचा."

फॉर्मबाईला धन्य वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तिचा नियम व्यासपीठावरून सांगत होतं.

मग साहेबांनी आतली गोष्ट सांगितली, बाहेर न बोलण्याच्या अटीवर. ज्या गल्लीची सरासरी पाचाच्या खाली येईल, तिथं कार्यक्रमाचा दुसरा टप्पा जाईल: सहा किलोच्या विजेच्या इस्त्र्या आणि प्रत्येक दुकानाला वेगळी वायर. पाचाच्या वर आली तर काम फत्ते, फाइल बंद. इस्त्रीवाल्यांच्या गल्ल्या शहरात दोन, एक ही आणि दुसरी मागच्या बाजारातली. फॉर्मबाईने हात वर करून इस्त्री गल्ली मागून घेतली. आपलं माणूस गेलं तर खरं काय ते कागदावर येईल, असं तिला वाटलं. मागचा बाजार टपरीसाहेबांच्या वाट्याला आला आणि तिने त्या बिचाऱ्या बाजाराबद्दल मनातल्या मनात हळहळ व्यक्त केली.

गल्लीत ती सकाळी दहाला पोचली. पहिल्या दुकानातल्या टकलूकाकांनी तिला लहानपणी खांद्यावर घेतलेलं. त्यांनी शिडीचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"ही शिडी फुकट मिळणार आहे का?"

"काका, शिडी नाही मिळणार. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते सांगायचं."

"गुडघे हे असे. मला कसली पायरी?"

"आयुष्याची पायरी, काका."

काकांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, मग शेजारच्या दुकानाकडे डोळ्याने खूण करून म्हणाले, "लिही नऊ."

"नऊ?"

"कमी झाले का? मग साडेनऊ लिही."

शेजारच्याने आठ सांगितले, त्याच्या पलीकडच्याने नऊ. कुणाच्या टेबलावर चार कपडे, कुणाच्या टेबलावर मांजर झोपलेलं, आणि सगळे आपले मजेत! फॉर्मबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यांना सांगायला काय होतं? पण चेहरा करायचा नव्हता, म्हणून तिने केला नाही. पाचाच्या खाली या म्हणून सांगणं तर लांबच. तो नियमभंग झाला असता, आणि नियम मोडणाऱ्यांची जात वेगळी. ती आकडे लिहीत गेली आणि तळाच्या दोन ओळींवर पट्टीने रेघा मारत गेली.

चौथं दुकान दादाचं.

दादा स्टुलावर बसला होता. पूर्वी या जिन्याखाली गाठोडी अशी रचलेली असत की दादा दिसायचा नाही, नुसता खोकल्यावरून आहे एवढं कळायचं. आता गाठोडी नव्हती, खोकलाही नव्हता. टेबलावर सहा शर्ट होते, इस्त्री झालेले, घड्या घातलेले, आणि त्यांतला सगळ्यात वरचा दादाचा स्वतःचाच होता हे तिने ओळखलं. त्याचा उजवा दंड डाव्याएवढा झाला होता.

"ये चिमणे. बस. चहा घे."

चहा काळा होता.

"दूध?"

"डॉक्टरने बंद सांगितलंय. पित्त होतं."

"वहिनी कुठाय?"

"गेलीय जरा समोर. येईल."

वहिनी समोरच्या इमारतीचे जिने पुसायला जाते हे फॉर्मबाईला आठ दिवसांपूर्वीच दुसरीकडून कळलं होतं. तिने पॅड मांडीवर घेतलं. पुढ्यात भाऊ होता म्हणून प्रश्न वगळले नाहीत की आवाज बदलला नाही.

"गेल्या महिन्यात खोकल्याचा त्रास?"

"अजिबात नाही." आणि हे अगदी खरं होतं.

"डोळ्यांची जळजळ?"

"गेली."

"झोप?"

"गाढ."

मग तिने कार्ड पुढे केलं. दादाने ते दोन्ही हातांत धरून निरखलं. मग त्याने तिच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि हसला.

"मजेत आहे मी. नववी लिही. दहावी कशाला, नजर लागायची."

तिच्या हातातलं पेन थांबलं. थांबलं हे तिच्याही लक्षात आलं. आत कोणीतरी म्हणत होतं, अगं बाई, मांजरालासुद्धा दिसतंय, तू तीन लिही आणि मोकळी हो. पण तीन लिहिणं म्हणजे काय? म्हणजे टपरीवर बसणं. आपल्या भावासाठी एक आकडा बदलला की उद्या शेजाऱ्यासाठी, परवा चहावाल्यासाठी. मग बावीस वर्षांच्या उन्हातान्हाला काय अर्थ राहिला? तिने नऊ लिहिले. काय सुधारलं, कसं सुधारलं, हे पुढचे आठ प्रश्नही विचारले. तळाच्या दोन ओळींपाशी आली आणि तिथंही तिचा हात पट्टीकडे गेला. रेघ मारली. इतकी सरळ रेघ तिने कधी मारली नव्हती.

दादा त्या रेघेकडे बघत होता. पण त्याला लिहितावाचता बेताचंच येत होतं, आणि बहीण काहीतरी महत्त्वाचं लिहितेय असं समजून त्याने चहाचा कप कागदापासून लांब सरकवला.

चार महिन्यांनी अहवाल आला. त्यासाठी केवढा तो समारंभ! पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले आणि त्यांतला सर्वांत उंच खांब इस्त्री गल्लीचा. सरासरी आठ पूर्णांक सहा. डॉक्टरसाहेब हरखून गेले होते. कोळसा गेला, श्वास मोकळा झाला आणि त्याबरोबर माणूस आतून फुलला, असं काहीसं ते बोलले. मग त्यांनी एका कारागिराचे शब्द वाचून दाखवले: "मी मजेत आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत शुद्ध माहिती गोळा केल्याबद्दल फॉर्मबाईला प्रशस्तिपत्रक मिळालं. ती ते घ्यायला गेली तेव्हा व्यासपीठाची पायरी चुकली आणि लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

सर्वांत बुटका खांब मागच्या बाजाराचा. सरासरी चार. तिथं दुसरा टप्पा मंजूर, आणि जड इस्त्र्या पोचल्यासुद्धा.

तिने बाहेर टपरीसाहेबाला गाठलं. "तुम्ही गेला होतात त्या बाजारात?"

"छे हो."

"मग चार कुठून आणले?"

"अहो, पाच किंवा वर लिहिलं की पुढं आठ प्रश्न, काय सुधारलं, कसं सुधारलं, कधी सुधारलं. चार लिहिलं की थेट शेवटचं पान. माझा चहा गार होत होता." एवढं सांगून तो नव्या कपाकडे वळला.

या माणसाच्या आळसाने एक अख्खा बाजार तरला होता. फॉर्मबाई तशीच डॉक्टरसाहेबांकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली की तिच्या फॉर्ममध्ये आहे ते खरं नाही.

"म्हणजे तुम्ही चुकीचं लिहिलंत?" साहेब दचकले.

"नाही. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. पण ते खरं नाही. माझा भाऊ आहे तिथं. मी बघितलंय."

साहेबांनी जीव भांड्यात पडल्यासारखा सुस्कारा सोडला. "बाई, माणूस स्वतः सांगतोय मी सुखी आहे, तर नाही म्हणणारे तुम्ही-आम्ही कोण? आणि तुम्हाला दिसलं होतं तर निरीक्षणाची जागा होती की. तुम्ही तर सगळीकडे रेघ मारलीय." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, त्यांना त्या रेघा आवडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीत शिरली ती भांडायच्या तयारीनेच. टकलूकाकांच्या टेबलासमोर उभी राहून तिने तोंडाचा पट्टा सोडला. फुकट घालवलंत सगळं! खरं सांगायला जीभ झडत होती का? घरात चूल पेटायची पंचाईत आणि म्हणे साडेनऊ! दोन-चार दुकानांतली माणसं बाहेर आली. आपण काय गुन्हा केला हेच त्यांना कळेना.

"अगं पण आम्ही तर तुलाच मार्क दिले," टकलूकाका म्हणाले. "गल्लीची पोर, साहेबांचं काम घेऊन आलीय. कमी दिले असते तर तुलाच बोल लागला असता ना? मी सगळ्यांना सांगितलं, पोरीला हात आखडू नका रे. बढती मिळाली की नाही?"

प्रशस्तिपत्रक पिशवीतच होतं.

ती जिन्याखाली गेली. दादा टेबलावरच्या चादरी काढून त्यांची घडी घालत होता. गुलाबी इस्त्री खोक्यात गेली होती. वहिनी कोपऱ्यात बसून गाठोडं बांधत होती. तिने नणंदेकडे मान वर करून बघितलंही नाही.

"हे काय?"

"आवरतोय. सोमवारपासून मागच्या बाजारात जातोय, तिथं जड इस्त्र्या आल्यात म्हणे. एकाला हाताखाली माणूस पाहिजे होता." दादाने चादरीचं टोक दाबून धरलं. "या वयात दुसऱ्याच्या टेबलावर. चालायचंच."

"दादा, तू मला नऊ का सांगितलेस?" तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. "तूसुद्धा मला मार्क द्यायला बसला होतास का?"

"मला कुठं कळतात मार्क." दादाने घडी खाली ठेवली. तो चिडला नव्हता, त्याला नुसतं नवल वाटत होतं. "दुसरी कोणी बाई आली असती ना, तर सगळं सांगितलं असतं. दूध बंद केलंय, वहिनी जिने पुसते, सगळं. तू आलीस. धाकट्या बहिणीपुढं मी कसा रडू? म्हटलं, तोंडाने आपण मजेत म्हणावं. ती बसलीय इथं, सगळं बघतेय. लिहील ती बरोबर."

वहिनीने गाठोड्याची गाठ आवळली आणि ते डोक्यावर चढवायला नवऱ्याला हाक मारली. फॉर्मबाई हात द्यायला पुढं झाली, तशी वहिनी म्हणाली, "राहू द्या. तुम्ही लिहा."